कार्डावर मेलेली मावशी

चहावाल्याने न मागता चमचाभर साखर जास्त टाकली, तरी निंबा भंगाळे विचारात पडायचा की याला माझ्याकडून काय हवं असेल. दुकानदाराने 'या नाना, बसा' म्हटलं की तो आधी बाकाकडे बघायचा, मग दुकानदाराकडे, आणि उभाच राहायचा. जळगावात मेहरूणच्या ज्या गल्लीत तो राहतो, तिथे त्याची बायको सुनंदाबाई सांगत असते की लग्नात सप्तपदी चालतानाही हा माणूस मागे वळून बघत होता, चपला आहेत की गेल्या म्हणून. खरं असेल, नसेल. पण ऐकणारा कुणी 'छे, काहीतरीच' म्हणत नाही, यातच काय ते आलं.

या स्वभावाला साजेसं काम मिळालं, हे त्याचं नशीब. शहराबाहेर केळीच्या रोपांची एक मोठी नर्सरी आहे. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत तयार झालेली रोपं तिथे हिरव्या जाळीखाली पिशव्यांत वाढवतात आणि फैजपूर, यावल, रावेरकडच्या शेतकऱ्यांना पाठवतात. गाडी भरण्याआधी एकेक रोप डोळ्यांखालून घालावं लागतं, कारण केळीवर हरण्या नावाचा एक रोग पडतो. सुरुवातीला पानावर पिवळसर तुटक रेघा दिसतात, त्याही इतक्या बारीक की नव्या माणसाला ती जाळीतून आलेली उन्हाची तिरीप वाटावी. असं एक रोप शेतात गेलं की मावा ही कीड तो रोग शेजारच्या रोपांवर नेतो, आणि शेतकऱ्याला उभी केळी उपटून खड्ड्यात पुरावी लागते. निंबा एकोणीस वर्षं ती रेघ शोधत होता. पान उलटायचं, उजेडाकडे धरायचं, शंका आली की रोप बाजूला. लॉट पाहून झाला की हिरव्या चिठ्ठीवर त्याची सही होई, आणि ती सही दिसली की फैजपूरचे शेतकरी क्रेट उघडून बघायची तसदी घेत नसत.

रोपांच्या बाबतीत इतका सरळ असलेला हा माणूस रजेच्या बाबतीत मात्र नर्सरीतल्या इतर सगळ्यांइतकाच खोटारडा होता. त्यात निम्मा दोष त्याचा. उरलेला निम्मा प्रेमराजसाहेबांचा.

प्रेमराजसाहेब तिथे अकरा वर्षं मॅनेजर होते. त्यांचं म्हणणं असं की पोराची परीक्षा, बायकोचा ताप, लेकीचं बाळंतपण ही रडगाणी सगळ्यांच्याच घरी असतात, त्यासाठी नर्सरी बंद ठेवायची का? रजा फक्त मयतीला. सख्ख्या नात्याला सात दिवस, लांबच्याला तीन. तीही तोंडी मयत चालत नसे. तेराव्याच्या विधीचं, म्हणजे गंधमुक्तीचं, छापील कार्ड टेबलावर आणून ठेवायचं. आपल्याकडे माणूस गेला की तेराव्याच्या आत कार्ड छापून नातेवाइकांत वाटतात, तेच कार्ड. मग काय व्हायचं ते झालं. फैजपूरच्या एका छापखान्याशी नर्सरीच्या लोकांनी अशी ओळख वाढवली की पंचवीस कार्डांची मयत एका तासात तयार मिळू लागली. चाळीस माणसांच्या नर्सरीत अकरा वर्षांत शंभरावर नातेवाईक स्वर्गवासी झाले. रोपांना पाणी देणाऱ्या नवलने तर एकच सासरा दोनदा मारला, दुसऱ्यांदा फक्त आडनावाचं शुद्धलेखन बदललं. प्रेमराजसाहेबांना हे कळत नव्हतं असं नाही. पण कार्ड फायलीला लागलं की त्यांची जबाबदारी संपत असे.

निंबाने एकच खून केला. सहा वर्षांपूर्वी त्याची लेक पूनम फैजपूरच्या दवाखान्यात अडली होती. साहेब म्हणाले, बाळंत मुलगी होतेय, तुम्ही नाही. तेव्हा त्याने चाळीसगावच्या यशोदाबाई मावशीला मारलं. मावशीच का? कारण मावशीच्या गळ्यात पडायची त्याला लहानपणापासून सवय होती. निंबा तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली. मावशीला मूलबाळ नव्हतं, नवरा चाळीसगावला रेल्वेत होता. तिने पोराला उचललं आणि दहावीपर्यंत वाढवलं. तो तिला मावशी म्हणायचा; ते नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही एवढंच.

कार्ड छापल्याचं त्याने तिला स्वतःच जाऊन सांगितलं, मान खाली घालून. म्हातारी पोट धरून हसली. मेल्याची खोटी बातमी पसरली की आयुष्य वाढतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने एक कार्ड मागून घेतलं, रेशनकार्डाच्या डब्यात जपून ठेवलं आणि आल्यागेल्याला 'माही मयत पाहा' म्हणून दाखवू लागली. तक्रार तिची एकच होती, आणि ती करताना मात्र ती हसत नसे.

"मावशी कायले छापलं रे निंबा? मेल्यावर तरी माय म्हण."

पुढच्या वेळी म्हणतो, असं तो म्हणाला. काय बोललो हे लक्षात आल्यावर त्याने जीभ चावली.

गेल्या वर्षी प्रेमराजसाहेब निवृत्त झाले आणि हितेंद्र देवरे आले. धुळ्याचे, वय चाळिशीच्या आत. पहिल्याच सोमवारी त्यांनी सगळ्यांना शेडच्या सावलीत बोलावलं आणि अगदी थोडं बोलले. घरी काम निघालं तर रजा मागा. काम काय ते खरं सांगा. कार्ड आणू नका. आपली जागा कोण सांभाळणार एवढं ठरवून जा.

लोक एकमेकांकडे बघू लागले. निंबाने मात्र जमिनीकडे पाहिलं, खड्डा कुठे खणलाय ते दिसतंय का म्हणून.

कुठेतरी पाणी मुरतंय याबद्दल त्याला शंका नव्हती. फक्त कुठे, ते सापडत नव्हतं. या साहेबाच्या खिशात एक निळी वही असे. कुणी घरचं काही बोललं की वही निघे आणि दोन ओळी लिहिल्या जात. नवलने मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी रजा मागितली, मिळाली, आणि तो परतल्यावर साहेबाने वही उघडून विचारलं, झाला का प्रवेश? नवल हरखून गेला. निंबा त्याला म्हणाला, येड्या, नाव नोंदलं गेलंय तुझं. माणसं कमी करायची वेळ आली की ज्याची वहीत पानं जास्त, तो पहिला बाहेर. नवलला पटलं नाही. उलट तो बिघडलाच. एकदा त्याच्या हातून पाण्याची पाळी चुकली आणि दोनशे रोपं सुकली, तर हा शहाणा स्वतः जाऊन साहेबाला सांगून आला. प्रेमराजसाहेबांच्या काळात असलं काही झालं की उंदरावर ढकलायची पद्धत होती. नर्सरीतल्या उंदरांनी तोवर बरंच काही सोसलं होतं. निंबाने मनात म्हटलं, फितवला याला.

साहेब दर शनिवारी दुपारी तीनला निघे. धुळ्याला वडील अर्धांगवायूने पडून आहेत, रविवारी त्यांना आंघोळ मी घालतो, असं तो सगळ्यांसमोर सांगे. स्वतःच्या घरचं इतकं उघडं करणारा साहेब निंबाने पाहिला नव्हता. त्याने धुळ्याच्या आपल्या साडूला, झुलालला, फोन करून तपास काढायला सांगितला. झुलाल बिचारा रविवारी सकाळी देवऱ्यांच्या गल्लीत सायकल घेऊन दोन चकरा मारून आला. अंगणात खुर्ची, खुर्चीत म्हातारा, आणि साहेब बनियनवर त्याच्या पाठीला साबण लावतोय, एवढं त्याने पाहिलं.

"बाप खरा शे, नाना," झुलालने कळवलं. "मी सोता देखं."

यावर निंबाचं समाधान व्हावं ना? तो म्हणाला, बाप खरा असला म्हणजे पोरगा खरा असतो, असं कुठे लिहिलंय?

आणि एके दिवशी त्याने जे पाहिलं, त्याने त्याची झोपच गेली. ऑफिसचा कारकून हेमराज कपाटातून रजेच्या जुन्या फायली काढून साहेबाच्या टेबलावर रचत होता. सगळी अकरा वर्षं. वरच्याच फायलीतून एका कार्डाची काळी कड बाहेर आलेली. निंबाने दारातूनच ओळखलं की आता मेलेली माणसं मोजली जाणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर पौर्णिमा होती. आठवडा गेला, महिना गेला, साहेबाने चकार शब्द काढला नाही. त्यामुळे तर निंबा आणखी धास्तावला. बोलणाऱ्याचा ठाव लागतो, गप्प बसणाऱ्याचा लागत नाही.

अशात चाळीसगावहून मोहिनीचा फोन आला. मोहिनी मावशीची शेजारीण, तिची भाकरी-भाजी तीच बघायची. मावशीने अंथरूण धरलं होतं. सुनंदाबाई त्याच दिवशी पिशवी भरून गेली आणि तिकडेच राहिली. निंबा रविवारी जाऊन आला. मावशी चौऱ्याऐंशीची, हाडांवर नुसती कातडी, पण डोळे तेच. सोमवारी सुनंदाबाईचा फोन आला की डॉक्टर आता काही करायचं नाही म्हणालेत, मावशी सारखी दाराकडे बघते.

"साहेबाले सांगून या ना," सुनंदाबाई म्हणाली. "तो नही म्हणनार नही."

"काय सांगू? मेलेली मावशी आजारी पडली म्हणून?"

साधी गोष्ट होती. ऑफिसात जायचं आणि खरं बोलायचं. पण तिथे फायलीत मावशी काळ्या कडेच्या कार्डावर सहा वर्षं मरून पडली होती. खरं बोललं तर जुनं खोटं उघडं पडणार, आणि साहेब बहुतेक त्याचीच वाट बघत बसलेला. सेवानिवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. आजारपणासाठी दुसरं कुणी नातेवाईक उभं करावं, तर वहीवाला साहेब आठवड्याने विचारणार, बरं आहे का त्यांना? मग त्या माणसालाही पोसत बसा. निंबाने रात्रभर सगळे मार्ग पाहिले आणि सकाळी त्याला मार्ग सापडला. फुकट मिळणारी रजा तेवढी सोडून त्याला बाकी सगळं सुचलं.

मंगळवारी बारा हजार रोपांचा लॉट फैजपूरच्या बाजूला जायचा होता. आठ शेतकऱ्यांनी मिळून मागवलेला. चार शेडमध्ये रोपं, पाहायला पूर्ण दिवस लागणार, गाडी दुपारी चारला भरायची. निंबा पहाटेच आला. पहिली शेड त्याने नीट पाहिली. मग हिरवी चिठ्ठी खिशातून काढली आणि तिच्यावर चारही शेडच्या नावांसमोर सही केली. एकोणीस वर्षांत न पाहिलेल्या रोपावर त्याने सही केली नव्हती. पेन नेहमीसारखंच चाललं, याचं त्याला आश्चर्य वाटलं. चिठ्ठी गाडीवाल्याच्या खिळ्याला अडकवली, नवलला सांगितलं की मी मागच्या शेडमध्ये आहे, हाक मारू नको, आणि मागच्या फाटकातून तो स्टेशनला गेला.

गाडीत बसल्यावरही तो डब्यात ओळखीचं कुणी आहे का ते बघत होता. पाचोरा गेलं, तेव्हा त्याने पाठ टेकली. चाळीसगावला उतरून घरी पोचला तेव्हा दोन वाजून गेले होते. मोहिनी दारातच भेटली, डोळे पुसत. सुनंदाबाई मावशीच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होती, निम्मं बाहेर येत होतं.

निंबा खाटेशी बसला. मावशीने त्याला बराच वेळ पाहिलं. मग तिचे ओठ हलले आणि त्याने कान जवळ नेला.

"या वक्ती कोनाले मारलं रे?"

तिच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू होतं, खोडी काढतानाचं. निंबाही हसायला गेला. कोणालाच नाही, असं म्हणायचं होतं त्याला, आणि ते खरंच होतं. या खेपेला कुठला मामा, कुठली आत्या त्याने छापली नव्हती.

"कोनालेच नही, मावशी," तो म्हणाला.

म्हणाला खरा, पण त्याला हिरवी चिठ्ठी दिसली, आणि क्रेट न उघडता रोपं थेट शेतात नेणारी माणसं दिसली. ती आठ माणसं त्याची सही बघूनच निर्धास्त होती, आणि सहीच्या मागे आज कुणी नव्हतं. मावशी त्याच्याकडे बघतच होती. तिला रोपांतलं काय कळणार? पण या बाईने त्याला लहानपणी खोटं बोलताना इतक्या वेळा पकडलं होतं की तिच्या नजरेसमोर खोटं त्याला आजही टिकवता येईना. त्याने घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते.

तो अंगणात आला. नंबर लावेपर्यंत त्याच्या डोक्यात निदान चार थापा तयार झाल्या. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. चिठ्ठी चुकून दुसऱ्या लॉटची गेली. नवलला सांगितलं होतं. पलीकडून साहेबाचा आवाज आला आणि त्या चारही थापांमधली एकही जिभेवर आली नाही.

"साहेब, फैजपूरचा लॉट गाडीत चढू देऊ नका. मी एकच शेड पाहिली आहे."

"चिठ्ठीवर सही आहे ना तुमची?"

"सही माझीच आहे. पाहिलं नाही ते खरं."

मग साहेबाने विचारलं, "तुम्ही कुठे आहात?"

"चाळीसगावला. माझी मावशी जातेय, साहेब. तुमच्या फायलीत ती सहा वर्षांपूर्वीच गेलेली आहे. ते कार्ड मी छापलं होतं."

आता जे व्हायचं ते होऊ दे, असं मनाशी म्हणत तो तुळशीच्या कट्ट्यावर टेकला.

"गाडी थांबवतो," साहेब म्हणाला. "तुम्ही तिथेच थांबा. बाकीचं आल्यावर बोलू."

बाकीचं आल्यावर बोलू. ओरडला असता तर निंबाला बरं वाटलं असतं. या तीन शब्दांनी त्याचा पुढचा सगळा वेळ खाल्ला. मावशीचा हात हातात होता, आणि डोक्यात मात्र साहेब बसलेला. बाकीचं म्हणजे काय? नोकरी? पोलीस? की आता मोठा उपकार करून नंतर एखाद्या रोगट लॉटवर सही मागणार? याचीच त्याला पहिल्यापासून शंका होती: माणसाला आधी मिंधं करायचं, मग वापरायचं. मरणाऱ्या माणसाशेजारी बसून हा असले हिशेब करत होता, याची त्याला लाजही वाटत होती. पण स्वभावाला औषध नसतं.

संध्याकाळी नवलचा फोन आला. चारही शेडची रोपं सगळ्यांनी मिळून पाहिली, साहेबही गुडघ्यावर बसून पानं उलटत होता. अकरा रोपं सापडली, सगळी तिसऱ्या शेडमध्ये. बारा हजारांत अकरा. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढंच? पण हरण्याला अकरा पुष्कळ होतात.

मावशी बुधवारी उजाडता गेली. अग्नी निंबानेच दिला. शुक्रवारी कार्डाचा मजकूर लिहायला बसला तेव्हा सुनंदाबाई शेजारी होती. 'आमची मावशी' असं लिहून त्याने खोडलं आणि 'आमची आई' लिहिलं. सुनंदाबाईने डोळ्याला पदर लावला.

शनिवारी तो नर्सरीत आला तेव्हा पावणेतीन होत आले होते. कार्ड कुणी मागितलं नव्हतं, तरी त्याने आणलं होतं; हेमराजने ते त्याच्या हातातून घेतलं, वाचलं, आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आई?" तो हळू आवाजात म्हणाला. "नाना, आईला अजूनही सात दिवस मिळतात आणि मावशीला तीन, ते मलाही माहीत आहे. साहेब चांगला आहे म्हणून किती ओढायचं?"

साठीला टेकलेल्या निंबाने जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला होता. संशय आपल्यावर आला की कसं लागतं, ते त्याला त्या टेबलासमोर पहिल्यांदा कळलं. आणि तेही आयुष्यातलं सगळ्यात खरं कार्ड आणलेलं असताना. तो काही बोलायच्या आत साहेबाने आतून हाक मारली.

साहेब निघायच्या तयारीत होता. बॅग खांद्याला. निंबाला पाहून त्याने ती खाली ठेवली आणि बसला. निंबाच्या मनात आलं, याची बस चुकणार. मग लगेच दुसरं मनात आलं, ही चुकवलेली बसही माझ्या नावावर मांडणार.

"आधी लॉटचं बोलू," साहेब म्हणाला.

आणि तो सरळ बोलला. तीन महिने निंबानाना सही करणार नाहीत. तपासायचं त्यांनी, सही नवलची. लेखी ताकीद फायलीला लागेल. आठ शेतकऱ्यांना गाडी दोन दिवस उशिरा का गेली हे निंबानानांनी स्वतः फोन करून सांगायचं, आणि खरं सांगायचं. निंबाने मान हलवली. नवलची सही, आपल्या डोळ्यांवर! जीव तुटला त्याचा. पण छातीवरचं काहीतरी उतरलंही. दया त्याला कळत नसे. शिक्षा ओळखीची होती.

"जुन्या फायली तुम्ही मोजल्या असतील," त्याने न राहवून विचारलं.

"काढून घेतल्या त्याच आठवड्यात वाचल्या. कोण खरं मेलं आणि कोण खोटं, ते शोधत बसलो नाही. एका नर्सरीत एवढी माणसं मरतात म्हणजे रोग नर्सरीला आहे, इतकं कळलं." मग त्याने फायलीतून जुनं कार्ड काढून नव्या कार्डाशेजारी ठेवलं. एकाच बाईची दोन मरणं, एकात मावशी, एकात आई. त्याने दोन्ही वाचली. हेमराज दारात येऊन उभा होता. साहेबाने वर पाहिलं, आणि ऑफिसात कधी न बोललेली आपल्या घरची बोली त्याच्या तोंडून आली.

"नाना, खरं काय शे?"

निंबाने सांगितलं. आई केव्हा गेली, मावशीने कसं उचललं, रेशनच्या डब्यातलं कार्ड, आणि मेल्यावर तरी माय म्हण म्हणालेली ते. सांगताना मध्येच त्याने बाहीने डोळे पुसले. हेमराज दारातून बाजूला झाला.

साहेबाने रजेचा अर्ज पुढे ओढला आणि पेन उघडलं. "वाढवलं तिने. आई म्हणून सात दिवस लिहायला माझी हरकत नाही."

निंबाने त्या पेनाकडे पाहिलं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली, तो गळ हाच असणार असं क्षणभर त्याला वाटलं. मग वाटलं, गळ असो की नसो, आपण काय करायचं ते आपल्या हातात आहे.

"तीनच लिहा, साहेब. घरात ती माय होती, तुमच्या कागदावर मावशी. कागदावर एकदा खोटं केलंय तिच्यासाठी. पुन्हा नको." मग तो म्हणाला, "गंधमुक्तीच्या दिवशी मात्र मी येणार नाही. ती माझी हक्काची रजा."

साहेबाने तीन लिहिले. जुनं कार्ड त्याने निंबाच्या हातात दिलं. निंबा दारापर्यंत गेला आणि सवयीने मागे वळून बघितलं. साहेबाने निळी वही काढली होती आणि तो लिहीत होता.

निंबा थबकला. एवढं सगळं बोलून, रडून झाल्यावरही शेवटी वहीच. तो परत आला आणि टेबलासमोर उभा राहिला. जन्मात कुठल्या साहेबाला विचारलं नसतं ते त्याने विचारलं.

"काय लिहिलं?"

साहेबाने वही फिरवून त्याच्याकडे सरकवली. पानावर वर निंबाचं नाव होतं. त्याखाली पूनमच्या मुलाचा वाढदिवस होता. निंबाने तो चहाच्या वेळी कधी सांगितला होता, हे त्यालाही आठवत नव्हतं. त्याखाली गेल्या आठवड्याची तारीख: 'सुनंदाबाई चाळीसगावला. कशासाठी? नाना सांगत नाहीत.' आणि सगळ्यात खाली, ओली शाई:

'निंबानानांची आई गेली.'